नवरदेवाची पाठवणी

शनिवारी सकाळी सात वाजता आम्ही ब्लँटायरहून निघालो तेव्हा गाडीच्या काचेवर नुसती भुरभुर होती. आफ्रिकेतल्या मलावीच्या दक्षिण भागात जून-जुलैत असं धुकं आणि झिमझिम दिवसचे दिवस टिकते. मोझांबिकमधल्या चिपेरोने डोंगराकडून येते म्हणून तिला तिथे चिपेरोनी म्हणतात. मी नागपूरच्या सदरमधला, चर्चचा पाळक. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत कबरस्थानात उभं राहून अंत्यविधी केलेले आहेत, पण त्या सकाळी स्वेटरवर कोट चढवूनही हुडहुडी भरत होती. लिम्बे मागे पडलं, थ्योलोपासून दोन्ही बाजूंना चहाचे मळे सुरू झाले आणि मुलांजेचा डोंगर ढगातून अधूनमधून दिसू लागला. त्याच्या पायथ्याशी एका खेड्यात लग्न होतं. सहा आठवड्यांसाठी पाहुणा मिशनरी म्हणून मी तिकडे गेलो होतो आणि त्या लग्नात मला वचन वाचून चार शब्द बोलायचे होते.

गाडीतून उतरलो तशी पोरं धावत आली. "अम्वेन्ये! अम्वेन्ये!" म्हणजे भारतीय. त्यांना भारतीय माणूस ठाऊक आहे तो लिम्बेच्या दुकानाच्या गल्ल्यावर बसलेला. गळ्यात पाळकाची पांढरी पट्टी घातलेला भारतीय त्यांनी पाहिलेला नव्हता. मंडळीच्या वडिलांनीही, म्हणजे चर्चच्या वडीलधाऱ्या कारभाऱ्यांनीही, मला हेच विचारलं, की तुमच्याकडे सुवार्ता कोणी आणली? मी स्टीफन हिस्लॉप यांचं नाव सांगितलं. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले आणि १८६३ मध्ये तिकडेच वारले. आमच्या शहरातलं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. हे ऐकून वडील उभे राहिले. त्याच फ्री चर्चने १८७५ मध्ये मलावी सरोवराच्या काठी लिव्हिंगस्टोनिया मिशन उभं केलं आणि पुढच्याच वर्षी चर्च ऑफ स्कॉटलंडचं ब्लँटायर मिशन आलं. १९२४ मध्ये या दोन्ही मिशनांच्या मंडळ्या एक झाल्या. वडिलांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. दुभाषी म्हणून सोबत आलेले शाळामास्तर म्हणाले, "ते म्हणताहेत, मग तुम्ही पाहुणे कसले? घरचेच."

उपासना दहाला होती, सुरू झाली पावणेबाराला. कोणालाच घाई नव्हती. आमच्याकडे १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे लग्न सकाळी सहा ते संध्याकाळी सातच्या आत लावावं लागतं आणि वरात उशिरा आली की माझा अर्धा जीव घड्याळात असतो. इथे मात्र बाया गात होत्या, चार आवाजांत, पेटी-तबल्याशिवाय. त्या गाण्यात बसून राहिलं तरी पुरे, असं वाटत होतं.

मी बायबलमधल्या उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायातलं चोविसावं वचन निवडलं होतं. बावीस वर्षांच्या सेवेत जवळजवळ प्रत्येक लग्नात वाचलेलं. पुरुष आपल्या आईबापांना सोडील आणि आपल्या बायकोशी जडून राहील. मी मराठीत वाचलं, मास्तरांनी तिथल्या चिचेवा भाषेत सांगितलं. एरवी या वचनाला लोक नुसती मान डोलावतात. इथे बायांच्या बाजूने आनंदाची किलकारी उठली आणि नवरदेवाकडची माणसं खाली बघू लागली. मी गोंधळलो. मास्तर माझ्या कानाशी वाकले. "अबुसा," म्हणजे पाळकसाहेब, "हा मुलगा आज खरंच सोडून आलाय."

तेव्हा मला कळलं. या भागात कूळ आईकडून चालतं. लग्नानंतर मुलगी कुठे जात नाही, मुलगा बायकोच्या गावी येऊन राहतो. त्याला म्कम्वीनी म्हणतात. सगळ्या देशात असं नाही. उत्तरेकडे टुम्बुका लोकांत लोबोला, म्हणजे वधूमूल्य, देऊन मुलगी सासरी नेतात. पण इथे मुलगाच येतो. आपल्याकडे घरजावई हा शब्दसुद्धा आपण तोंड वाकडं करून उच्चारतो, आणि तेच वचन हातात धरून मी बावीस वर्षं रडणाऱ्या मुलींना गाडीत बसवत आलो होतो. वचनात मुलीने घर सोडावं असा एक शब्द नाही. मी ते पाठ म्हणू शकत होतो, पण खऱ्या अर्थाने वाचलं त्या दिवशी.

वचनं देऊन झाल्यावर तिथल्या पाळकांनी दोन्हीकडच्या अंखोस्वेंना पुढे बोलावलं. न्खोस्वे (अनेकवचन अंखोस्वे) म्हणजे लग्नाचा जबाबदार माणूस, बहुतेक वेळा सख्खा मामा. चर्चमधल्या लग्नाआधी चिंखोस्वे नावाचा विधी होतो. त्यात हेच लोक दोन्ही घरांच्या वतीने कोंबडा आणि कोंबडीची देवाणघेवाण करतात, आणि त्यांच्याशिवाय झालेलं लग्न गाव लग्न मानत नाही. मामा आपल्याकडेही असतो. "मुलीच्या मामा, मुलीला घेऊन या," एवढी हाक येते, तो नवरीला आणून उभी करतो, फोटो काढतो आणि जेवायच्या पंगतीला लागतो. इथे मामाचं काम लग्नानंतर सुरू होतं. नवराबायकोत खटका उडाला की आधी निरोप त्याला जातो. नवऱ्याने हात उगारला तर जाब विचारायला तोच येतो. त्यासाठीच तो असतो.

नवरीचा मामा चहाच्या मळ्यात पानं खुडणारा होता. रजिस्टरवर सही करायला वाकला तेव्हा मी अगदी शेजारी होतो. चहाच्या चिकाने त्याच्या अंगठ्याची आणि तर्जनीची पेरं काळी पडलेली, भेगांतून तो काळा रंग आत गेलेला. एकेक अक्षर थांबून थांबून त्याने नाव लिहिलं, पेन नीट टोपण लावून ठेवलं, ओंजळीने हलकी टाळी वाजवत "झिकोमो", म्हणजे धन्यवाद, म्हटलं आणि मग माझ्याकडे वळून काहीतरी विचारलं. मास्तरांनी सांगितलं, "ते विचारताहेत, तुमच्या गावात मुलीला त्रास झाला तर ती कोणाला बोलावते?"

मला उत्तर देता आलं नाही.

आमच्या मंडळीतली एक मुलगी. लग्न मीच लावलं होतं. दीड वर्षाने ती सहा महिन्यांची पोटुशी असताना माहेरी आली, तर वडील म्हणाले, दिली तिथेच राहायचं. मग ती माझ्याकडे आली. दंडावर वळ होते. मी तिच्यासाठी प्रार्थना केली, माझ्या बायकोने चहा दिला आणि मी स्वतः तिला ऑटोत बसवून सासरी परत पाठवलं. चालकाला पैसेही मीच दिले. त्या काळ्या पेरांच्या माणसापुढे मला तो ऑटो वळणावर दिसेनासा होताना दिसत होता. मास्तरांनी पुन्हा विचारलं. मी म्हणालो, "सांगा त्यांना, कोणालाच नाही."

मग मांडवात पेरेकानी सुरू झालं. पेरेकानी म्हणजे द्या. निवेदक एकेका गटाला हाक मारतो, नवरीच्या मैत्रिणी, नवरदेवाचे सायकल-टॅक्सीवाले सोबती, आणि लोक नाचत येऊन टोपलीत एकेक नोट टाकतात. एकदम सगळे पैसे देऊन मोकळं व्हायचं नाही, म्हणून बाजूच्या टेबलावर मोठ्या नोटेचे सुटे मिळतात. मलाही बोलावलं. मी गेलो आणि नाचलोही. मग न्सिमा (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा), कोंबडी, पालेभाजी आणि भात. आधी एका मुलीने गुडघ्यांवर बसून माझ्या हातावर कोमट पाणी घातलं.

संध्याकाळी मुलाकडची माणसं ट्रकमध्ये चढली. मुलगा खाली राहिला. त्याच्या सायकलवर गादी, एक पेटी आणि कुदळ बांधलेली होती. बायकोच्या आईच्या घरामागे त्याने विटांचं छोटं घर आधीच बांधून ठेवलं होतं. त्याची आई ट्रकच्या फळीला धरून उभी होती. गाणं चालू होतं, ती मात्र गात नव्हती. आपल्या मांडवातल्या नवरीच्या आईसारखीच. मास्तर म्हणाले की जावयालाही इथे सोपं नसतं, वर्षानुवर्षं सासुरवाडीत मान खाली घालून राहावं लागतं. मला ते पटलं. कोणीतरी घर सोडतं तिथे दुखतंच. पण त्या गावात दुखलं की बोलवायला माणूस होता, आणि त्याचं नाव रजिस्टरवर होतं.

नागपूरला परतल्यावर तिसऱ्या दिवशी मी त्या मुलीच्या सासरी गेलो. दार तिनेच उघडलं, कडेवर बाळ होतं. आतून तिच्या सासूबाईंनी विचारलं, "कोण आहे गं?"

"पाळकसाहेब आहेत."

"आज पाळक म्हणून नाही आलो, बाई," मी उंबऱ्यातूनच म्हणालो. "मुलीकडचा म्हणून आलोय. थोडं बसून बोलायचं आहे."

आत टीव्हीचा आवाज बंद झाला. सासूबाई बाहेर आल्या आणि त्यांनी खुर्ची पुढे केली.