तुम्ही विचारलंत म्हणून: मला वायरच का लागते

माझ्या हातातला कमी किमतीचा फोन आणि त्यातून निघालेली हँड्सफ्रीची वायर पाहून लोक विचारतात, "ताई, ब्लूटूथ का घेत नाही? पगार तर चांगला आहे." बँकेतले सहकारी विचारतात, विक्रोळीहून सीएसएमटीपर्यंत दिव्यांग डब्यात सोबत असणाऱ्या मैत्रिणी विचारतात, आणि दिवाळीला बड्सची, म्हणजे बिनतारी इअरफोनची, नवी डबी घेऊन येणारा भाचाही विचारतो. मला दिसत नाही, फोन मी टॉकबॅकच्या, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सोयीच्या, आवाजावर चालवते, हे या सगळ्यांना ठाऊक आहे. आजवर "सवय आहे" एवढंच सांगून मी विषय मिटवत आले. त्या उत्तराने विचारणाऱ्यांचं समाधान होतं, पण माझं होत नाही, म्हणून या वेळी सविस्तर लिहिते.

मी पडद्यावर बोट फिरवते, बोटाखाली जे येईल ते टॉकबॅक बोलतो, आणि हवं ते ऐकू आलं की मी दोनदा टॅप करते. वायरमधून तो आवाज तत्काळ कानात पोहोचतो. ब्लूटूथवर फोन आधी आवाज दाबून लहान करतो, मग तो तुकड्यातुकड्यांनी पाठवतो, कानातलं यंत्र ते तुकडे साठवून पुन्हा उलगडतं, आणि साध्या बड्समध्ये यात सेकंदाचा दहावा ते चौथा भाग निघून जातो. व्हिडिओ पाहणाऱ्याला हा उशीर सहसा जाणवत नाही, कारण बरीच ॲप्स चित्रही तेवढंच मागे धरतात. माझं बोट मात्र तोवर पुढच्या आकड्यावर गेलेलं असतं, आणि कानात मागचा आकडा वाजत असतो. शिवाय थोडा वेळ आवाज नसला की पुष्कळ बड्स वीज वाचवायला झोपतात आणि पुन्हा जागे होताना पहिलं अक्षर गिळतात. गाण्याचं पहिलं अक्षर गेलं तर बिघडत नाही, पण "सात", "चार", "नऊ" हे शब्दच इतके लहान आहेत की पहिल्या अक्षराबरोबर आख्खा आकडा जातो.

हे गाऱ्हाणं माझ्या मनाचं नाही. जुन्या अँड्रॉइड फोनमध्ये पासवर्डच्या चौकटीत गेलं, की अक्षरं ऐकायची असतील तर हेडसेट लावा, असं फोनच सांगायचा. हेडसेट नसेल तर प्रत्येक अक्षराला नुसता "डॉट" म्हणायचा. न पाहणाऱ्या माणसाची गुप्तता कानातल्या तारेवर अवलंबून आहे, हे तेव्हा फोन बनवणाऱ्यांना माहीत होतं.

मग फोनमधला जॅक गेला, म्हणजे हँड्सफ्रीची वायर घालायचं गोल भोक. सप्टेंबर 2016 मध्ये आयफोन 7 जॅकशिवाय आला आणि ॲपलच्या फिल शिलर यांनी त्या निर्णयामागे "धैर्य" असल्याचं मंचावरून सांगितलं. त्याच वर्षी गुगलने आपल्या पहिल्या पिक्सेल फोनच्या जाहिरातीत जॅक असल्याचं मिरवलं आणि 2017 च्या पिक्सेल 2 मधून तो काढला. सॅमसंगने 2019 मध्ये नोट 10 मधून काढला. जागा वाचते, पाणी शिरण्याचं एक भोक कमी होतं, ही कारणं मला समजतात. पण त्याच 2016 च्या डिसेंबरात आपल्या संसदेने दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम मंजूर केला. 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं ई-केवायसीच्या, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवण्याच्या, प्रकरणात सांगितलं. ॲप सुगम्य हवं, संकेतस्थळ सुगम्य हवं, हे सगळं बोललं जातं. ते सुगम्य ॲप जे बोलतं ते फक्त माझ्याच कानात कुठून शिरणार, हा प्रश्न कुणी विचारलेला मी ऐकला नाही.

आता जे घडलं ते सांगते. त्या वेळी माझ्याकडे जॅक नसलेला महागडा फोन होता, बड्स होते, आणि पर्समध्ये लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला टाइप-सीचा अडॅप्टर होता. एका रात्री आईला धाप लागली आणि आम्ही तिला उपनगरातल्या एका रुग्णालयात नेलं. भावाला, मामाला, डॉक्टरांना फोन करण्यात बड्स संपले आणि फोनची बॅटरीही संपत आली. "चार्ज करून का नाही ठेवलात?" असं मला कृपा करून विचारू नका, धाप वेळ ठरवून लागत नाही. अनामत रक्कम भरायला मी बिलिंगच्या खिडकीशी गेले, तेव्हा आतल्या मुलीने आपला चार्जर काढून दिला. फोनला भोक एकच होतं. त्यात चार्जर घातला तर अडॅप्टर घालता येत नव्हता, आणि चार्जर काढला तर फोन बंद पडणार होता. कार्ड दिलं असतं, पण तिथल्या यंत्रालाही सपाट पडदा होता, बोटाला कळतील अशी बटणं नव्हती.

म्हणून स्पीकरवर पिन टाकायला घेतला. आवाज लहान ठेवला तर खिडकीशी चाललेल्या गलक्यात मला ऐकू येईना, आणि मोठा केला तर माझ्या पिनचा एकेक आकडा रांगेला ऐकू जात होता. मी आवाज लहान ठेवला आणि पिन चुकला. फोन कानाला चिकटवून पुन्हा टाकू लागले, तर कानाशी धरलेल्या पडद्यावर बोट नीट फिरेना, आणि तो पुन्हा चुकला. आणखी एकदा चुकला असता तर पिन बंद पडण्याची भीती होती. मागून एक पुरुषी आवाज आला, "मॅडम, मी टाकून देऊ का?" मी त्याला जवळ बोलावलं आणि माझा पिन त्याच्या कानात सांगितला. त्याने तो टाकला, पैसे गेले, पावती निघाली. फोन माझ्या हातात ठेवताना तो म्हणाला, "उद्या पिन बदलून घ्या हं."

बँकेच्या खिडकीत बसून हे वाक्य मी ग्राहकांना सांगते. पिन कुणालाही सांगू नका, सांगितला असेल तर आजच बदला. तो माणूस सज्जन होता, आई बरी होऊन घरी आली, पिन मी पहाटेच बदलला. ही हकीकत मी ज्यांना सांगितली ते म्हणतात, "पण काही झालं तर नाही ना?" या प्रश्नापुढे मी गप्प होते. पैसे गेले नाहीत हे खरं आहे. पण ज्याचं तोंड मला कधीच ओळखता येणार नाही, अशा माणसाच्या कानाशी लागून मला माझी सगळ्यात खासगी गोष्ट सांगावी लागली. त्याने फसवलं नाही हे त्याचं मोठेपण, त्यात माझ्या हातात काहीच नव्हतं. त्यानंतर मी जॅक असलेला फोन घेतला.

जॅक गेला तेव्हा मीच त्याच्या बाजूने वाद घातला होता, हेही सांगायला हवं. गर्दीत उतरताना वायर कुणाच्या तरी बॅगेत अडकते, पांढऱ्या काठीभोवती गुंडाळते, पावसाळ्यात जॅक ओला होऊन खरखरतो. तारेपासून सुटका म्हणजे आमचीच सोय, असं मी मैत्रिणींना हिरिरीने सांगत असे. तो युक्तिवाद मला आजही पूर्ण चुकीचा वाटत नाही. हाडांतून आवाज पोहोचवणारे ब्लूटूथ हेडफोन कान मोकळे ठेवतात, आणि रस्ता ओलांडताना त्यांच्याइतकं उपयोगी काही नाही. पण रस्ता ओलांडताना मी पिन टाकत नाही. दोन्ही कामं एकाच साधनाने व्हावीत, हा हट्ट तेव्हा माझा होता, आता विचारणाऱ्यांचा आहे.

"अडॅप्टर आहे की" असं म्हणणाऱ्यांनी तो एकदा वापरून पाहावा. काही फोन टाइप-सीमधून थेट कानात वाजणारा आवाज देतात, काही फक्त डिजिटल रूपातला आवाज देतात आणि त्याचं रूपांतर करणारी चिप अडॅप्टरमध्येच असावी लागते. म्हणून एका फोनवर चालणारा अडॅप्टर दुसऱ्यावर मुका राहतो. बाहेरून हाताला दोन्ही सारखेच लागतात. चार्जर आणि हँड्सफ्री दोन्ही लागतील असा दोन तोंडांचा अडॅप्टरही मिळतो. मी घेतलेला सैल झाला आणि लोकलच्या धक्क्याने आवाज तुटू लागला. स्पीकर सुरू ठेवणं मला स्वतःलाच पटत नाही. बेस्टने 2023 मध्ये बसमध्ये हेडफोनशिवाय मोबाइलचा आवाज करायला बंदी घातली, ती मला योग्यच वाटते.

माझ्या आताच्या फोनची बाजू मात्र मला घेता येत नाही. जॅक उरला आहे तो बहुतेक स्वस्त फोनांत, आणि स्वस्त फोनात टॉकबॅक अडखळतो. बोट ठेवल्यावर कधी कधी तो इतका थांबतो की तारेने वाचवलेला वेळ प्रोसेसर खाऊन टाकतो. सुरक्षेचे अपडेट बंद झाले आहेत, आणि या फोनवर लवकरच चालणार नाही अशी सूचना पैशांचं एक ॲप देऊ लागलं आहे. वेगवान फोनात जॅक नाही आणि जॅक असलेल्या फोनात वेग नाही, अशा दोन फोनांमधून मला या वर्षी एक निवडायचा आहे. भाच्याने नव्या फोनांची यादी पाठवली आहे. त्यात जॅक असलेला एकही फोन नाही, आणि मी त्याला अजून काही कळवलेलं नाही.