चित्र कोणत्या पट्टीत लागले आहे?

‘संग्रहालयात मोठ्याने संगीत लावल्याने चित्रे खराब होत असतील, तर ते लावू नये, एवढ्यासाठी पीएच.डी. कशाला?’ असे बाबांनी गेल्या आठवड्यात फोनवर विचारले. प्रश्न रास्त आहे. मात्र युरोपातील संग्रहालये संध्याकाळच्या मैफली आणि समारंभांतून उत्पन्न मिळवतात, त्यामुळे त्या बंद होणार नाहीत. कोणत्या चित्राला कोणता आवाज किती चालेल, एवढेच ठरवता येते आणि तोच माझ्या संशोधनाचा विषय आहे.

बाबा तबला वाजवतात, म्हणून त्यांना तबल्यावरूनच सांगितले. कॅनव्हासचे कापड लाकडी चौकटीवर तबल्याच्या पुडीसारखे, म्हणजे त्याच्या तोंडावरच्या चामड्यासारखे, ताणलेले असते आणि ते सैल पडले, तर कोपऱ्यांतील पाचरी ठोकून पुन्हा ताणता येते. कापडावर सरस, त्यावर अस्तर आणि त्यावर रंग असे थर चढतात. मधल्या काळ्या शाईच्या थरामुळे जसा पुडीचा नाद बदलतो, तसा या थरांच्या वजनाने कापडाचा बदलतो. साधारण एक मीटर लांबी-रुंदीच्या चित्राचा मूळ नाद 10 हर्ट्झच्या (सेकंदाला दहा कंपनांच्या) आसपास, म्हणजे आपल्या कानांना ऐकूच येणार नाही इतका खालचा असू शकतो. लांबी-रुंदी दुप्पट केली आणि ताण तोच ठेवला, तर तो निम्म्यावर येतो. मात्र त्यावरचे नाद 20-30 हर्ट्झच्या पट्ट्यात सापडतात आणि मोठ्या स्पीकरचा खर्ज तिथपर्यंत पोहोचतो.

इथेच पहिल्या वर्षी मी फसले. आवाज मोजण्याच्या यंत्रावर ‘ए’ नावाची श्रेणी असते. ती मानवी कानाला अनुसरून खर्ज वजा करते: 63 हर्ट्झला सुमारे 26 डेसिबल, तर 31.5 हर्ट्झला तब्बल 39. परिणामी त्या खर्जाचा प्रत्यक्ष 100 डेसिबलचा आवाज यंत्रावर 61 दिसतो, जणू दोन माणसे गप्पा मारत आहेत. वास्तविक 100 डेसिबल म्हणजे 2 पास्कल दाब. एक चौरस मीटरवर सुमारे 200 ग्रॅम वजनाएवढा रेटा, सेकंदाला तीस वेळा पुढे आणि मागे. चित्राचा स्वतःचा नाद त्याच वारंवारतेवर असेल, तर हे रेटे साचत जातात. चित्राला कान नसतात, हे मला सर्व मोजमापे पुन्हा करताना समजले.

दुसरा घोळ दमटपणाचा आहे. पावसाळ्यात तबला उतरतो, तसे दमट हवेत सरस मऊ होऊन चित्राचा ताण घटतो. कोरड्या हवेत सरस आकसतो, ताण वाढतो, नाद चढतो आणि जुना रंग अधिक ठिसूळ होतो. त्यामुळे जानेवारीत निर्धोक ठरलेला कार्यक्रम ऑगस्टमध्येही तसाच ठरेल असे नाही. रेम्ब्रांटच्या 1642 सालच्या ‘नाइट वॉच’च्या डाव्या वरच्या कोपऱ्यात कापडाला लाटा पडल्या होत्या, तेव्हा ॲमस्टरडॅमच्या रिक्सम्यूझियम या संग्रहालयाने 2022 मध्ये ते लाकडी चौकटीवरून काढून दमटपणाला दाद न देणाऱ्या ॲल्युमिनियमच्या चौकटीवर ताणले.

भिंतीला फोम लावून काही साधत नाही, कारण 30 हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी अकरा मीटरांहून अधिक असते आणि पातळ फोम तिच्यापुढे नगण्य ठरतो. चित्राच्या पाठीवर फळी बसवणे हा जुना उपाय आहे आणि मला तो आवडतो, पण सरसकट नाही. फळीमुळे कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागून कापडाला आवर घालते. त्याच वेळी मागून येऊन समोरच्या दाबाचा काही भाग फेडणारा दाबही फळी अडवते. फळी ताठ आणि कडा बंद असतील तर स्प्रिंग जिंकते, फळी पातळ आणि फटींची असेल तर हिशेब नव्याने मांडावा लागतो. शिवाय अर्धे कापड पुढे आणि अर्धे मागे जात असेल, तर आतली हवा नुसती इकडून तिकडे सरकते. तिथे पॉलिएस्टरचा मऊ भरणा घालून पाहणे सध्या चालू आहे.

हे सगळे ऐकल्यावर बाबांनी विचारले, चित्राला टिचकी न मारता त्याची पट्टी कशी कळते? त्यासाठी लेसर आहे. रंगावरून परतलेल्या प्रकाशातील बदलावरून त्या ठिपक्याचा वेग समजतो, स्पर्श करावा लागत नाही. फक्त पावलांचीही कंपने त्यात मिसळतात, म्हणून दालन रिकामे झाल्यावर रात्री मी एकेक ठिपका मोजत बसते.