फाल्गुनातलं अंधारबन: कुंडलिकेच्या दरीत फुलं, पाखरं आणि कोरडे ओढे

ताम्हिणी घाटाजवळचं अंधारबन म्हटलं की धुकं, पाऊस आणि वाऱ्याने उलटे उडणारे धबधबे, एवढंच डोळ्यांपुढे येतं. मी तिथं याआधी दोनदा गेलो होतो, दोन्ही वेळा जुलैत, आणि दोन्ही वेळा पुढे चालणाऱ्याची पाठपिशवी सोडून फारसं काही दिसलं नव्हतं. म्हणून या खेपेला मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात गेलो. अख्ख्या वाटेवर आम्ही तिघंच.

पुण्याहून पौड, मग मुळशी धरणाच्या काठाकाठाने ताम्हिणीकडे आणि निव्याच्या फाट्यावरून पिंपरी. हे सारं मिळून सुमारे 70 किलोमीटर. पिंपरी ते भिरा ही पायवाट साधारण 13-14 किलोमीटरची, बहुतेक सगळी आडवी किंवा उतरती. निघण्याआधी वाट खुली आहे का, हे वनखात्याकडे विचारून घ्या. अपघातांमुळे ती अधूनमधून बंद ठेवतात. आम्ही साडेसहाला चालायला लागलो. हल्ली मी कशाबद्दलही हट्ट धरत नाही, पण इथं तो धरा: सकाळचे पहिले तीन तास हातचे घालवू नका. दहानंतर पाखरं गप्प होतात आणि कातळ तापतो.

दरीच्या काठावर आलो आणि पावसाळ्यात कधीच न दिसलेली कुंडलिकेची घळ पहिल्यांदा तळापर्यंत दिसली. खाली वाहती नदी नव्हती. पांढुरके धोंडे, त्यांत अडकलेले दोन-तीन हिरवे डोह आणि दोन्ही अंगांना सरळ तुटलेले कडे. कड्याच्या बेचक्यांत धायटी लाल झाली होती. धायटीचं फूल जवळून पाहिलं तर क्षुल्लक, पण शंभर फांद्या एकदम फुलल्या की कडा पेटल्यासारखा दिसतो. सावर ओसरली होती, झाडापेक्षा जमिनीवर फुलं जास्त. पांगारा मात्र भरात होता.

त्या एका पांगाऱ्याखाली आम्ही जवळजवळ पाऊण तास बसलो, आणि सगळ्या दिवसात पाखरं सगळ्यांत जास्त तिथंच दिसली. झाडावर पान नाही, त्यामुळे लपायला जागाच नाही. मैना, कोतवाल, बुलबुल, शिंजीर, हरेवा, सगळे एकाच खानावळीत. कोतवाल दादागिरी करतो, मैना घोळक्याने येऊन त्याला हुसकतात आणि या भांडणात शिंजीर खालच्या फांदीवरचा मध गुपचूप उरकून घेतो. पाखरं शोधत वणवण करण्यापेक्षा फुललेलं झाड शोधा आणि खाली बसा. दुर्बीण असली तर उत्तम, नसली तरी चालेल.

मग जंगलात शिरलो. अंधारबन हे नाव मार्चमध्येही खोटं नाही. हिरडा, जांभूळ, आंबा, अंजनी यांची छत्री इतकी दाट की बाहेरच्या उन्हातून आत येताच डोळ्यांपुढे क्षणभर काही दिसेना. आणि मग दिसलं ते निळं. अंजनीला फुलं फांद्यांच्या टोकाला येत नाहीत, थेट फांदीला चिकटून गुच्छ येतात, निळे-जांभळे. काही झाडं नुसती कळीत होती, पण एका झाडाखालची वाट निळ्या चुऱ्याने भरली होती. आमच्यातली एकजण त्यावरून पाय टाकायला तयारच होईना. शेवटी कडेकडेने गेलो.

याच पट्ट्यात शेकरू दिसलं. आधी वरून खटाखट आवाज, मग पानांचा कचरा खाली, मग शेपटी. राज्यप्राणी म्हणून चित्रात पाहिलेलं असतं, पण ते मागच्या पायांनी फांदीला उलटं लटकून पुढच्या हातांत फळ धरून खातं, हे समोर पाहण्यात वेगळीच मजा आहे. भेकराचं भुंकणं दोनदा ऐकू आलं, भेकर दिसलं नाही. बिबट्याची केसाळ विष्ठा मात्र पायवाटेच्या मधोमध होती.

ओढे कोरडे. पण एका ओढ्याच्या ओल्या वाळूवर ब्लू बॉटल फुलपाखरं दाटीवाटीने चिखलपान करत होती, तीसेक तरी असतील. सावली पडली की सगळी एकदम उडतात, म्हणून सूर्य समोर ठेवून बसत-बसत पुढे जा. राज्य-फुलपाखरू असलेली राणी पाकोळी एकदाच डोक्यावरून गेली, थांबली नाही. त्याच ओढ्याच्या पलीकडे करवंदीच्या पांढऱ्या फुलांत एक हरणटोळ, वेलीसारखा हिरवा साप, होता. मी फांदी धरायला हात पुढे केला होता. हिरव्या जाळीत आधारासाठी हात घालण्याआधी डोळे घाला.

आता माझा मूर्खपणा. माणशी दोन लिटर पाणी घेतलं होतं, पावसाळ्याच्या सवयीने. हिरडी गाव येईपर्यंत ते संपलं. गावातल्या एका मामांना विचारलं, “मामा, पुढं पाणी मिळेल का?” ते म्हणाले, “आता कुठलं पाणी? हितंच भरून घ्या, खाली फकस्त ऊन हाय.” घरातून कळशी आणून दिली. उन्हाळ्यात गावाला पाणी लांबून आणावं लागतं, तेव्हा हे गृहीत धरून जाऊ नका. माणशी चार लिटर घ्या.

दुसरी चूक खाजकुयलीची. फेब्रुवारी-मार्चमध्ये तिच्या शेंगा वाळतात आणि त्यांवरची सोनेरी लव वाऱ्यानेही उडते. अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून मी एका वेलीखालून गेलो आणि पुढचा तास नाचत काढला. चोळलं की वाढतं. चिकटपट्टी लावून ओढली तर पुष्कळशी लव निघते, हे उशिरा सुचलं. कड्यांवर आग्यामोहोळं आहेत. अत्तर, धूर, आरडाओरडा तिन्ही टाळा, आणि या दिवसांत काडी पेटवायचा विचारही नको. वणव्याचे काळे पट्टे आम्हाला दोन ठिकाणी लागले.

हिरडीनंतरची उतरण गुडघे मोडणारी आणि उघडी. तिच्याबद्दल चांगलं एवढंच की खाली पळस फुलले होते, कुसुंबाला तांबडी पालवी होती आणि उक्षीच्या वेली झाडांवरून झुबक्यांनी लोंबत होत्या. भिऱ्याला पोचलो आणि नदीत पाणी! वर कोरडी असलेली कुंडलिका इथं भर उन्हाळ्यात वाहते, कारण मुळशी धरणाचं पाणी घाट उतरून भिऱ्याच्या वीजकेंद्रात येतं आणि तिथून नदीत सुटतं. कोलाडचं राफ्टिंग याच पाण्यावर चालतं. पाणी सुटलं की पातळी झटकन वाढते, म्हणून दमून आलात तरी पात्रात उतरून बसू नका.

गाडीचं आधी ठरवा. पिंपरीला लावलेली गाडी भिऱ्याहून आणायला ताम्हिणी घाटाचा पूर्ण फेरा पडतो. एकच गाडी असेल तर हिरडीपर्यंत जाऊन परत फिरा. फुलांच्या दृष्टीने फार काही गमावत नाही, फक्त पळस तेवढा चुकतो.

पांगारा आणि सावर दोन्ही हवे असतील तर फेब्रुवारीचा शेवट गाठा. अंजनी पूर्ण फुललेली आणि कुंभा पाहायचा असेल तर मार्चअखेर. कुंभ्याची फुलं रात्री उमलतात आणि सकाळी झाडाखाली गुलाबी-पांढऱ्या केसरांचे गोळे पडलेले असतात. आम्हाला एकच सापडला. सीतेची वेणी या ऑर्किडसाठी मेअखेरीपर्यंत थांबावं लागतं, आणि त्यासाठी मी परत जाणार आहे. पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून.