डायलवरचं ६० आणि कपड्यांना लागलेलं ६०

फ्रंट लोड वॉशिंग मशीनचा डायल ६० अंशांवर ठेवला म्हणून कपड्यांना ६० लागतंच असं नाही. मशीनचा तापमान मोजणारा सेन्सर बाहेरच्या टबच्या तळाशी, हीटरच्या अगदी शेजारी बसवलेला असतो. त्यामुळे मशीनला कळतं ते तळाला साठलेल्या पाण्याचं तापमान. वर ड्रममध्ये आपटत असलेले ओले कपडे त्याहून गार असू शकतात. ड्रम जाड टॉवेलांनी गच्च भरला असेल तर फरक जास्त, आणि हीटर नुकताच बंद झाला असेल तेव्हा तर हमखास.

शिवाय पाणी ६० अंशांना पोचलं म्हणून ते ६० वर टिकतंच असं नाही. बऱ्याच प्रोग्रॅममध्ये ठरलेला अंश गाठला की हीटर बंद होतो आणि पुढची धुलाई निवत चाललेल्या पाण्यात होते. काही मशीन मध्येच पुन्हा तापवतात, काही नाही. खळबळणं मात्र जवळजवळ नेहमीच गार पाण्यात.

आता साधा हिशेब करू. १२ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ०.५६ युनिट वीज लागते. २००० वॉटचा हीटर तेवढी वीज ओढायला १७ मिनिटं घेतो. त्यात कपडे आणि ड्रम तापणं धरलं की वीस-बावीस मिनिटं सहज जातात, ती नुसती तापवण्यात. म्हणून १५ मिनिटांच्या क्विक वॉशला तापमान बहुधा ३० च्या पुढे वाढवता येत नाही. त्या १५ मिनिटांत पाणी भरणं, खळबळणं आणि स्पिनही बसवायचं असतं!

इको प्रोग्रॅमची गंमत वेगळी. युरोपात मार्च २०२१ पासून ऊर्जेचं लेबल 'इको ४०-६०' या प्रोग्रॅमवरून ठरतं. ४० ला आणि ६० ला धुवायचे सुती कपडे त्यात एकत्र टाकता येतात, पण म्हणून ते ६० अंशांत धुतले जातात असा अर्थ नाही. प्रत्यक्ष तापमान ४० च्याही खाली राहू शकतं. धुलाईच्या चार बाजू असतात: रसायन, घुसळण, तापमान आणि वेळ. एक कमी केली की दुसरी वाढवावी लागते. इकोमध्ये उष्णता काढून वेळ वाढवलेला असतो, म्हणून तो तीन तासांच्या पुढेही चालतो. मळ निघतो, वीज वाचते, फसवणूक वगैरे काही नाही. पुस्तिकेतल्या तक्त्यात कपड्यांच्या आत निदान ५ मिनिटं टिकलेलं कमाल तापमान पूर्ण, अर्ध्या आणि पाव लोडसाठी वेगवेगळं दिलेलं असतं. कंटाळवाणा तक्ता, पण खरा आकडा तिथेच सापडतो.

रोजच्या कपड्यांना ३०-४० पुरतं. लिक्विड आणि पावडरीतली एन्झाइम्स (डाग फोडणारी प्रथिनं) याच पट्ट्यात छान काम करतात. रक्ताचा डाग तर गार पाण्यापासूनच सुरू करावा, एकदम गरम पाणी लागलं की तो धाग्यात बसतो. गादीतल्या धुळीच्या किड्यांसाठी किंवा आजारी माणसाच्या चादरींसाठी मात्र खरोखरचं ६० हवं. तिथे इको नको, साधा 'कॉटन ६०' किंवा ॲलर्जीचा प्रोग्रॅम लावा आणि ड्रम ठासून भरू नका. पांढऱ्या कपड्यांना ब्लीच असलेली पावडर घ्या. लिक्विडमध्ये ते बहुधा नसतं. मशीनला कुबट वास येत असेल तर महिन्यातून एकदा कपडे न घालता ६० किंवा ९० वर चालवा.

हीटर नसलेल्या टॉप लोडमध्ये 'हॉट' म्हणजे फक्त गरम नळाचा व्हॉल्व्ह उघडणं. पाणी किती गरम, ते गीझर ठरवणार. पाईप लांब असेल तर आधी त्यात साठलेलं गार पाणीच टबात येतं, म्हणून मशीन लावण्यापूर्वी जवळच्या नळातून ते बादलीत काढून घ्यावं.

मोजायचं कसं? काचेवर इन्फ्रारेड थर्मामीटर रोखू नका, तो काचेचं तापमान सांगतो. ड्रममध्ये कपड्यांबरोबर टाकायचा वॉटरप्रूफ लॉगर, म्हणजे तापमान नोंदवत राहणारं छोटं यंत्र, सर्वांत चांगला. तो नसेल तर मुख्य धुलाईनंतर ड्रेन पाईपमधून येणारं पहिलं पाणी बादलीत घेऊन त्यात थर्मामीटरचा प्रोब बुडवा. हात सांभाळा. काही मशीन पाणी सोडण्याआधी त्यात गार पाणी मिसळतात, त्यामुळे ९० च्या प्रोग्रॅमवर हा आकडा कमी दिसू शकतो. प्लगमध्ये वॉटमीटर लावला तर आणखी सोपं: हीटर चालू असताना आकडा २००० वॉटच्या आसपास, नुसती मोटर फिरताना त्याच्या कितीतरी खाली.

पूर्ण ६० च्या प्रोग्रॅममध्ये वॉटमीटरचा आकडा एकदाही वर गेला नाही, तर हीटर तापतच नाहीये. काही मशीन एररही दाखवत नाहीत, गार पाण्यातच धुलाई उरकतात. प्लग काढून, हीटरची एक वायर सोडवून मल्टिमीटर लावा. २३० व्होल्टच्या २००० वॉट हीटरचा रोध २६ ओहमच्या आसपास यायला हवा. काहीच आकडा आला नाही तर हीटर जळालाय. हीटर ठीक असेल तर सेन्सर काढून, त्याला मल्टिमीटर लावून गरम पाण्याच्या वाटीत धरा: रोध सरसर उतरला पाहिजे. अडकून राहिला तर सेन्सर बदला.