नवा राउटर, जुना स्मार्ट स्पीकर: पासवर्ड बरोबर होता तरी जोडेना

राउटर बदलायचा म्हटलं की मला सगळ्यात जास्त कंटाळा येतो तो घरातल्या प्रत्येक वस्तूत परत पासवर्ड टाकत बसायचा, म्हणून या वेळी आधीच ठरवलं होतं की नव्या राउटरला जुन्याचंच नाव द्यायचं, पासवर्डही तोच ठेवायचा, म्हणजे घरात कोणाला कळणारसुद्धा नाही की डबा बदललाय. ही युक्ती चालते बरं का. फोन असो नाहीतर स्पीकर, ते राउटरचा मॉडेल नंबर बघत नाहीत, नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड बघतात, ते जुळलं की जोडले गेले. नाव मात्र अक्षरशः तेच हवं, कॅपिटल-स्मॉल सकट, मधे स्पेस असेल तर स्पेससकट.

(भाच्याचं म्हणणं होतं की आता बदलतोच आहोत तर नेटवर्कला मराठीत मस्त नाव देऊया. दिसायला भारी वाटतं पण नावाला जागा फक्त ३२ बाइटची असते आणि देवनागरीचं एकेक अक्षर ३ बाइट खातं, काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात, म्हणजे दहा चिन्हांत खेळ खल्लास. शिवाय काही जुन्या उपकरणांना असं नाव नीट वाचताही येत नाही. म्हणून ते राहिलं.)

तर नाव तेच, पासवर्ड तोच. फोन स्वतःहून जोडला गेला, लॅपटॉपने एकदा पासवर्ड विचारला आणि गप्प बसला, टीव्ही केबलवरच आहे त्यामुळे त्याचा प्रश्नच नव्हता. राहिला स्पीकर. त्याला हाक मारली की दिवा पेटायचा, जरा वेळ फिरायचा आणि मग तेच, इंटरनेटशी कनेक्ट होण्यात अडचण येतेय. आई दोनदा येऊन विचारून गेली की हा बोलतो तर आहे मग गाणी का लावत नाही, आणि तिचं बरोबरच होतं, कारण हे एक वाक्य तेवढं त्याच्या पोटात साठवलेलं असतं, बाकी आपण जे बोलतो ते समजून घ्यायला त्याला इंटरनेट लागतं.

इथे एक गोष्ट सांगतो जी मला आधी माहीत असती तर बरं झालं असतं. स्पीकरला ना स्क्रीन ना कीबोर्ड, त्यामुळे पासवर्ड त्याच्यापर्यंत पोचवायचं काम फोन करतो. सेटअप मोडमध्ये टाकला की बरेच स्पीकर थोड्या वेळापुरतं स्वतःचंच एक छोटं वाय-फाय सुरू करतात, फोन त्याला जोडला जातो, घरच्या नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड त्याच्या कानात सांगतो, मग स्पीकर आपलं ते वाय-फाय बंद करून घरच्या राउटरकडे जातो. काही मॉडेल हीच देवाणघेवाण ब्लूटूथवर करतात. म्हणजे फोन ते स्पीकर, स्पीकर ते राउटर, राउटर ते इंटरनेट असे तीन टप्पे आहेत, आणि कुठल्याही टप्प्यावर गाडी अडकली तरी ॲप जवळजवळ एकच गोष्ट सांगतं, काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा. अरे पण काय चुकलं ते सांग ना!

पहिल्या टप्प्यात माझा बराच वेळ गेला. ॲपला स्पीकर दिसतच नव्हता. फोनवर ऑफिसचं व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी करणारं, चालू होतं, ते चालू असलं की फोनचा सगळा ट्रॅफिक बोगद्यातून बाहेर जातो आणि शेजारी ठेवलेला स्पीकर त्याला सापडत नाही. ते बंद केलं. मग परवानग्या. अँड्रॉइडवर आसपासची वाय-फाय नेटवर्क शोधायला लोकेशन चालू लागतं, हे विचित्र वाटतं पण खरं आहे, आणि अँड्रॉइड १२ पासून 'निअरबाय डिव्हाइसेस' ही वेगळी परवानगीही आली. आयफोनवाल्यांसाठी आयओएस १४ पासून 'लोकल नेटवर्क' नावाचं बटण आहे, ॲप पहिल्यांदा उघडल्यावर घाईत नको म्हटलं असेल तर सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं लागतं, नाहीतर ॲप बिचारं आंधळं.

हे सगळं करून फोन एकदाचा स्पीकरच्या त्या तात्पुरत्या वाय-फायला जोडला गेला, आणि लगेच वर नोटिफिकेशन, या नेटवर्कवर इंटरनेट नाही. नसणारच! स्पीकरकडे कुठून येणार इंटरनेट, त्यालाच तर हवंय. पण फोन हुशार, तो गुपचूप मोबाइल डेटावर उडी मारतो आणि इकडे ॲपचं चाक फिरतच राहतं. यावर उपाय म्हणजे सेटअप होईपर्यंत मोबाइल डेटा बंद ठेवायचा, किंवा ते नोटिफिकेशन उघडून 'तरीही कनेक्टेड राहा' करायचं. मी डेटा बंद केला आणि यादी आली, त्यात आपल्या घरचं नाव. पासवर्ड टाकला, चाक फिरलं, आणि काय तर पासवर्ड चुकीचा आहे.

तोच पासवर्ड लॅपटॉपवर टाकून मी मिनिटभरापूर्वी कनेक्ट झालो होतो. डोळ्याचं चिन्ह दाबून एकेक अक्षर बघत टाकला, तरी तेच. कॉपी-पेस्ट केला, तरी तेच. भाचा बाजूला उभा, "मामा, फॅक्टरी रिसेट मार ना सरळ." सगळे हेच सांगतात आणि मला हा सल्ला पटत नाही. रिसेटने स्पीकर अकाउंटपासून सुटतो, खोलीचं नाव, ग्रुप, त्याच्या सेटिंग्ज सगळं परत लावत बसायचं, आणि दोष राउटरच्या बाजूला असेल तर एवढं सगळं करून परत त्याच दारात येऊन उभं राहायचं. रिसेट हा शेवटचा उपाय. आधी काय अडलंय ते तर बघू.

म्हणून राउटरच्या सेटिंगच्या पानात शिरायचं ठरवलं. पत्ता बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, ब्राउझरमध्ये टाकला की लॉगिन येतं. लॉगिनचा पासवर्ड वेगळा, तो राउटरच्या पोटाखाली स्टिकरवर छापलेला, आणि अक्षरं इतकी बारीक की छोटा एल आहे का आकडा एक हे ठरवायला शेवटी राउटर उलटा धरून फोटो काढला आणि झूम केला. एल होता.

आत गेल्यावर पहिला संशय अर्थातच २.४ आणि ५ गिगाहर्ट्झचा, म्हणजे वाय-फाय ज्या दोन लहरपट्ट्यांवर (बँडवर) चालतं त्यांचा. नवे राउटर दोन्ही बँड एकाच नावाखाली देतात आणि कोणाला कुठे पाठवायचं ते स्वतः ठरवतात. २.४ चा वेग कमी पण भिंतींतून लांबपर्यंत पोचतो, ५ चा वेग जास्त पण दोन भिंती आल्या की दम लागतो. स्मार्ट प्लग आणि बल्ब यांच्यात बहुतेक वेळा फक्त २.४ चाच रेडिओ असतो त्यामुळे त्यांच्यासाठी हा मुद्दा खरा आहे, पण स्पीकर बरेचसे दोन्ही बँडवर चालतात. तरी खात्री करायची म्हणून एकत्र नाव बंद केलं, २.४ ला वेगळं नाव दिलं आणि स्पीकर त्याला जोडायला गेलो. पासवर्ड चुकीचा. म्हणजे बँडचा काही संबंध नाही, ती शंका मिटली.

मग डोक्यात आलं की गेस्ट नेटवर्क, म्हणजे पाहुण्यांसाठीचं वेगळं वाय-फाय, करून बघू. हे कोणाला कधी अडलं तर जरूर करा, खूप सोपी परीक्षा आहे. राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क चालू करायचं, साधं इंग्रजी नाव, साधा आठ-दहा अक्षरांचा पासवर्ड, आणि उपकरण त्याला जोडून बघायचं. जोडलं गेलं तर उपकरण ठणठणीत आहे, फोनही ठीक, इंटरनेटही ठीक, भानगड मुख्य नेटवर्कच्या सेटिंगमध्ये आहे. आणि अहो, स्पीकर पहिल्या झटक्यात जोडला गेला! दिवा शांत झाला आणि त्याने हॅलो म्हटलं.

आता फक्त दोन पानं शेजारी-शेजारी उघडून फरक शोधायचा होता. चॅनल सारखा, बँड सारखा. सिक्युरिटीच्या ओळीत गेस्टला डब्ल्यूपीए२ आणि मुख्य नेटवर्कला डब्ल्यूपीए३. सापडलं.

ही दोन्ही वाय-फायच्या सुरक्षेची, म्हणजे पासवर्ड पडताळायची आणि देवाणघेवाण गुप्त ठेवायची, मानकं. डब्ल्यूपीए२ हे २००४ पासूनचं, घराघरात तेच. डब्ल्यूपीए३ वाय-फाय अलायन्सने (वाय-फाय उपकरणांना सर्टिफिकेट देणारी कंपन्यांची संघटना) २०१८ मध्ये आणलं आणि २०२० च्या मध्यापासून नव्या उपकरणांना सर्टिफिकेट हवं असेल तर ते असणं सक्तीचं केलं, म्हणून नव्या राउटरात ते असतंच आणि काही जण ते चालू करूनच पाठवतात. दोन्हींत पासवर्ड तोच टाकायचा असला तरी तो पडताळायची पद्धत वेगळी आहे. डब्ल्यूपीए२ मध्ये हवेतली देवाणघेवाण कोणी टिपून घेतली तर घरी निवांत बसून लाखो पासवर्ड लावून बघता येतात, डब्ल्यूपीए३ ने ती सोय बंद केली, प्रत्येक अंदाजासाठी राउटरशीच बोलावं लागतं. चांगलीच गोष्ट आहे. पण माझा स्पीकर त्याच्या आधीच्या काळातला, त्याला ही नवी भाषाच येत नाही, बोलणी फिसकटतात आणि ॲपकडे त्यासाठी वेगळा संदेश नाही म्हणून ते पासवर्डवर ढकलून मोकळं होतं. खरं सांगायचं तर मला राग स्पीकरचा नाही आला, त्या संदेशाचा आला. सिक्युरिटी जुळत नाही एवढं जरी लिहिलं असतं तरी माझी संध्याकाळ वाचली असती.

उपाय एका ड्रॉपडाउनमध्ये होता. डब्ल्यूपीए३ च्या जागी 'डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३' असा मिश्र पर्याय निवडला, काही राउटरवर त्याला ट्रान्झिशन म्हणतात. सेव्ह केल्यावर सगळ्यांचं वाय-फाय क्षणभर गेलं, आतून आईचा आवाज, "अरे आता काय केलंस?", आणि परत आलं. नवी उपकरणं डब्ल्यूपीए३ वापरतात, जुनी डब्ल्यूपीए२, दोघं एकाच नावाखाली नांदतात. यात सुरक्षा थोडी कमी होते हे मान्य, पण पासवर्ड लांब आणि ओळखायला अवघड असेल तर घरासाठी पुरेसं आहे. पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा चालतो, तेव्हा आठवर थांबायची गरज नाही. फक्त यादीत डब्ल्यूईपी किंवा नुसतं डब्ल्यूपीए दिसलं तर त्याच्या वाटेला जाऊ नका, ते केव्हाच मोडीत निघालंय. बँडही परत एका नावाखाली आणले, वेगळे ठेवायचं काही कारण उरलं नव्हतं.

स्पीकर अजून गेस्टवर होता, त्याला मुख्य नेटवर्कवर आणायचं राहिलं होतं. कोणी म्हणेल चालतंय ना मग राहू दे तिथेच. पण गेस्टवरची उपकरणं घरातल्या बाकीच्यांपासून मुद्दाम वेगळी ठेवलेली असतात, त्यामुळे बोलून गाणं लावता येतं पण फोनवरून कास्ट करायला, म्हणजे फोनमधलं गाणं स्पीकरवर पाठवायला गेलं की स्पीकर यादीतच नाही. नेटवर्क बदलायची रीत प्रत्येकाची निराळी. ॲमेझॉनच्या इकोला अलेक्सा ॲपमध्ये त्या डिव्हाइसच्या सेटिंगमध्ये वाय-फायसमोर 'चेंज' असतं. गूगलच्या नेस्ट आणि होम स्पीकरला आधी गूगल होम ॲपमध्ये ते नेटवर्क 'फर्गेट' करायला लावायचं आणि मग नव्यासारखा सेटअप. ॲपलचा होमपॉड आयफोनचंच नेटवर्क उचलतो, फोन नव्या वाय-फायवर असला की होम ॲपमध्येच होमपॉड इकडे हलवायचा का असं विचारलं जातं. त्यातल्या त्यात हे मला सगळ्यात सुटसुटीत वाटतं.

माझा दुसऱ्या खेपेला काही न कुरकुरता जोडला गेला. बाकी सेटअप झाल्यावर तो थोडा वेळ मंद वाटला तर घाबरू नका, बरेच दिवस ऑफलाइन असेल तर अपडेट उतरवत असतो, त्या वेळात प्लग काढू नका.

नंतर कळलं की हॉलमधला स्मार्ट प्लगही राउटर बदलल्यापासून बंद पडलेला होता, तो फक्त २.४ वाला. त्याला हात न लावता तो आपोआप जोडला जाईल असं वाटलं होतं, नाही झाला, मग गेस्टवर टाकला. त्याला कास्ट-बिस्ट काही करायचं नसतं, इंटरनेटवरून चालू-बंद होतो तेवढं पुरे, त्यामुळे तो तिथेच ठेवलाय.