गिरडची टेकडी आणि खालीच थांबलेला पुतण्या

जाम चौरस्त्यावर आलुबोंडा आणि वरून तर्री खाऊन निघालो तेव्हा साडेनऊ वाजले होते. समुद्रपूरच्या रस्त्याला लागलं की हायवेची घाई मागं राहते. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, वेचणाऱ्या बायांच्या ओट्या टम्म. जायचं होतं गिरडला, सुफी संत शेख फरीदबाबांच्या टेकडीवर. कॉलेजातल्या माझ्या मित्राचे आईवडील, म्हणजे माझे चाचा-चाची, सोबत होते. मित्र स्वतः ऐनवेळी ड्युटीत अडकला, म्हणून गाडी त्याच्या चुलतभावानं, म्हणजे चाचांच्या पुतण्यानं चालवली.

पायथ्याशी गाडी लावली आणि पुतण्या म्हणाला, "तुमी या जाऊन भाऊ, मी इथंच थांबतो." पाय दुखतो का, असं विचारणार होतो, तेवढ्यात चाचींनी डोळ्यांनीच गप्प केलं.

या घरातली गंमत मला आदल्या रात्री कळली होती. चाचांच्या गावात मुसलमानांची साठेक घरं आणि मशिदी दोन. जुनीत जुम्म्याच्या नमाजनंतर उभं राहून पैगंबरांवर सलाम पढतात, नवीत पढत नाहीत. जुनी मशीद बरेलीवाल्यांची, नवी देवबंदवाल्यांची. देवबंदचा मदरसा 1866 सालचा. बरेलीचे अहमद रजा खान 1921 साली गेले. दोन्ही गावं तिकडं उत्तर प्रदेशात, आणि त्यांचा वाद वर्धा जिल्ह्यातल्या एका आळीत अजून ताजा. त्यातही दोघं हनफीच, सुन्नींतल्या एकाच शाखेचे. म्हणजे वजू (नमाजाआधीचं हातपाय धुणं) कसा करायचा, नमाजात हात कुठं बांधायचे, यावर भांडणच नाही. भांडण आहे ते फातेहा (पुढ्यात अन्न ठेवून म्हटलेली दुआ), उरूस आणि मजारीवरच्या चादरीचं.

आणि खिरीचं. जेवणाआधी चाचांनी लोबान लावून खिरीवर फातेहा दिली. त्याच्या आधीच चाचींनी पातेल्यातून एक वाटी काढून फडताळात झाकून ठेवली होती. फातेहा दिलेलं पुतण्या खात नाही. चाचा ते बघत नाहीत, म्हणजे बघतात, पण त्या वेळी त्यांना नेमकं दाराकडं काहीतरी दिसतं.

रात्री अंगणात बाज टाकून बसलो तेव्हा पुतण्यानं आपली बाजू मांडली. कुराणात आयत आहे, सुरह माइदा, तिसरी: आज मी तुमचा दीन (धर्म) पूर्ण केला. "पूर्ण झालं न भाऊ? मंग त्यात वरून भर काहून घालायची?" तो आत गेल्यावर चाचांनी पानाची चंची उघडली आणि तीच आयत मला ऐकवली. दीन पूर्ण झालेला आहे, हा कालचा पोरगा कोण बाबांच्या दारात जाऊ नका सांगणारा!

मला होस्टेलवरचा एक शिया दोस्त आठवला. तोही हीच आयत सांगायचा. सुन्नी मानतात की ती हिजरी 10 मध्ये, पैगंबरांच्या शेवटच्या हजमध्ये, जिलहिज्ज महिन्याच्या 9 तारखेला अराफातच्या मैदानात उतरली. शियांच्या मते ती 18 तारखेची. परतीच्या वाटेवर गदीर खुम्मच्या मुक्कामी पैगंबरांनी आपले जावई अलींचा हात धरून, मी ज्याचा मौला त्याचे अलीही मौला, असं जाहीर केलं, आणि दीन पूर्ण झाला तो तिथं. अंतर नऊ दिवसांचं. पैगंबर त्यानंतर काही महिन्यांतच, 632 साली गेले. गदीरमधले ते शब्द सुन्नींच्या हदीसमध्येही (पैगंबरांच्या वचनांच्या संग्रहांत) आहेत, पण मौला म्हणजे वारस की जिवलग, इथं वाट फुटते. मी भाषांतरात ती आयत काढून वाचली, तर हे वाक्य मेलेलं जनावर, रक्त, डुकराचं मांस खाऊ नका अशा यादीच्या मधोमध येतं. एवढं मोठं वाक्य खाण्यापिण्याच्या गोष्टींत बसलेलं आहे, हे मला फार आवडलं.

एक हदीसही सगळे सांगतात: उम्मतचे, म्हणजे मुसलमान समाजाचे, त्र्याहत्तर फिरके (पंथ) होतील, त्यातला एकच तरेल. मला आजवर त्या एकातलेच लोक भेटले. उरलेल्या बहात्तरांतलं कुणी अजून भेटायचंय. (आमच्या आळीत देवीची दोन मंडळं आहेत, त्यामुळं मी फार बोलत नाही.)

तर टेकडी. "तू हो समोर बेटा, मी येतो हळूहळू," असं म्हणत चाचा दर वीस पायऱ्यांवर टेकत होते. वर हिरव्या चादरी, मोरपिसांचा झाडू, आणि नवस फेडायला आलेल्या बायांत कुंकू लावलेल्या निम्म्याहून जास्त. फरीदबाबांची कबर पाकिस्तानात पाकपट्टणला आहे. इथं त्यांनी तप केलं, असं लोक मानतात.

गिरडचे दगड प्रसिद्ध आहेत. बाबांची टिंगल करणाऱ्या व्यापाऱ्यांचा नारळ-सुपारीचा माल दगड झाला, ही गोष्ट इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटिअरातही आहे. पुढचा भाग सहसा कुणी सांगत नाही, तो चाचांनी सांगितला: ते रडले, तेव्हा बाबांनी वाळक्या पानांतून त्यांना नवा माल करून दिला आणि ते इथंच चाकरीला राहिले. भूगर्भवाले याला काळ्या खडकाच्या पोकळ्यांत धरलेलं झिओलाइट नावाचं खनिज म्हणतात. मी एक उचलून पाहिला. सुपारीएवढा, एका बाजूला चपटा, मातीनं माखलेला. परत ठेवला.

चाचांनी दुआ मागितली ती मजारीकडं तोंड करून. मग माझ्याकडं बघून थोडे सरकले आणि परत मागितली, या वेळी काब्याच्या दिशेनं. का, ते मी विचारलं नाही.

खाली आलो तर पुतण्या बोनेटवर बसून मोबाइल बघत होता. चाचांनी त्याला काही दिलं नाही, त्यानं मागितलं नाही. चाचींनी पिशवीतून रेवड्यांची एक पुडी काढली.

"ही खालूनच घेतली होती," त्या म्हणाल्या. "वर नेलीच नाही."

त्यानं पुडी फोडली, मूठभर माझ्या हातावर ओतल्या आणि गाडी सुरू केली.