काळ्या मातीतलं कुंपण: ईशान्य कोपरा अखेर हलायचा थांबला

मंडळी, आज सकाळी ओळंबा लावला, मग परत लावला कारण विश्वास बसेना. ईशान्य कोपऱ्याचा पोल सरळ उभा आहे. लेव्हल पाईपने घराच्या जोत्यावरच्या खुणेशी ताडून बघितलं तर जूनपासून आजपर्यंत फरक फक्त एक सूत. गेल्या वर्षी याच दिवसांत हा पोल चौदा सूत म्हणजे पावणेदोन इंच वर आला होता, डोक्याला तीन इंच बाहेर कलला होता, गेटचा डावा पोलही त्याच वाटेने गेला त्यामुळे कडी लागेना आणि शेळ्यांनी वांग्यांचा अख्खा वाफा साफ केला. म्हणून आज इतका आनंद झालाय.

तुम्हाला आठवत असेल, मी तेव्हा सगळा दोष जाळीच्या ताणाला दिला होता. टर्नबकल (तारा ताणायचे स्क्रू) ढिले केले, कोपऱ्याला दुसरा तिरका सपोर्ट दिला, तरी पोल वर येतच राहिला. ताणाने पोल वाकेल, कलेल, पण वर कसा येईल हा प्रश्न मला दिवाळीपर्यंत पडलाच नव्हता. मग फेब्रुवारीत सरळ उकरून काढला.

आणि तिथे उत्तर दिसलं. काँक्रीटचा गोळा बाहेर आला तो अगदी गाजरासारखा, वर दीड फूट रुंद आणि खाली निमुळता. खड्डा पहारीने खणताना वरचं तोंड आपोआप मोठं होतं आणि खाली हात पोचत नाही, मग तिथे जेमतेम आठ इंच उरतात. शिवाय खोली फक्त दोन फूट. गोळ्याच्या बुडाखाली चार बोटं जाडीचा मऊसूत गाळ होता, वरच्या कडक ढेकळांपेक्षा एकदम वेगळा, बोटाने सहज खरवडला जाणारा. म्हणजे पावसात माती फुगली, तिने गाजराला खांद्याखाली धरून वर उचललं, खाली पोकळी झाली, पोकळीत गाळ वाहून आला, आणि उन्हाळ्यात माती आक्रसली तरी पोलाला परत खाली बसायला जागाच नाही. आमच्या बार्शीकडे एप्रिलमध्ये भेगेत हात कोपरापर्यंत जातो, त्या मातीत दोन फुटांचं फाउंडेशन म्हणजे सगळं हलणाऱ्या थरातच.

बाहेरच का कलला तेही समजलं. आतल्या बाजूने माझी ठिबकची नळी कुंपणाला चिकटून जात होती. आतली माती कायम ओली, बाहेरची कोरडी, फुगणारी बाजू कोरड्या बाजूला ढकलणारच. नळी आता दोन फूट आत घेतली आहे. ज्यांची ठिबक कुंपणालगत आहे त्यांनी आधी हे करा, याला एक पैसा लागत नाही.

उपाय नवा नाही. काळ्या मातीतल्या घरांसाठी रूडकीच्या सीबीआरआयने (केंद्रीय भवन संशोधन संस्थेने) अंडर-रीम्ड पाईल कधीच काढून ठेवली आहे, आयएस २९११ या भारतीय मानकाचा तिसरा भाग त्यावरच आहे. खांब बारीक आणि बुडाला फुगवटा, म्हणजे वरच्या मातीला पकडायला काही नाही आणि खाली मात्र घट्ट नांगर. मी त्याचं कुंपणापुरतं छोटं रूप केलं: नऊ इंचांचा खड्डा, साडेचार फूट खोल (चार फुटांनंतर चुनखडीचे खडे लागायला लागले तेव्हा हलणारा थर संपत आला असं वाटून जीवात जीव आला), बुडाला सोळा इंचांचा फुगवटा. पण एवढ्या अरुंद खड्ड्यात खाली जाऊन फुगवटा कोरायचा कसा, यातच दोन रविवार गेले. भाड्याचं पेट्रोल ऑगर (खड्डे पाडायचं यंत्र) आणलं, ओल्या मातीत त्याच्या पात्याला चिखल असा चिकटतो की खणण्यापेक्षा खरवडण्यातच वेळ जातो, वाफसा असेल तरच आणा. फुगवट्याला तर त्याचा काही उपयोगच नाही. शेवटी जुनं खुरपं वेल्डरकडून सहा फुटी पाईपला काटकोनात जोडून घेतलं. खड्ड्यात सोडायचं, गोल गोल फिरवत कड खरवडायची, माती डब्याने वर काढायची. पहिल्यांदा टॉर्च मारून खाली तो घंटेसारखा आकार दिसला तेव्हा बायकोला हाक मारून दाखवला.

पोलाचा लोखंडी अँगल ४०×४०×५ मिमीचा, बुडाला अर्ध्या फुटाचा आडवा तुकडा वेल्ड केलेला. आधी फुगवटा काँक्रीटने भरला, त्यावर लगेच सहा इंची पीव्हीसी पाईप उभा करून तोही भरला आणि पाईप तसाच ठेवला. गुळगुळीत पाईपवर माती वरखाली सरकते, त्याला धरत नाही. कोपरे दोन, टोकं दोन, गेटचे दोन, एवढे सहाच असे केलेत.

आता जाळी. मी दहा गेज मागितली होती, तीन-चार दुकानं फिरून जिथे स्वस्त मिळाली तिथून घेतली, घरी व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावला तर २.६५ मिमी. दहा गेज म्हणजे ३.२५, २.६४ म्हणजे बारा गेज, म्हणजे हातात बाराच आली. परत द्यायला गेलो तर "कोटिंगमुळे मोजमाप चुकतं" म्हणाले, पण जस्ताच्या थराने तार जाड होईल, बारीक कशी होईल? प्लास्टिक कोटिंगवाली घेत असाल तर टोकाला कोटिंग खरवडून आतली तार मोजा, सांगतात तो आकडा बहुतेक वेळा प्लास्टिक धरून असतो. व्हर्नियर खिशात ठेवूनच दुकानात जा.

राहिले मधले बारा पोल, दहा-दहा फुटांवरचे. कालपर्यंत ठरलं होतं की येत्या उन्हाळ्यात तेही असेच खोल घ्यायचे. पण आत्ता लिहिता लिहिता वाटतंय, कशाला? ताण सगळा या सहा पोलांवर आहे, मधले फक्त जाळी उभी धरतात. त्यांना आडव्या तारा आवळून न बांधता सैल कडीत ओवल्या तर पोल इंचभर वरखाली झाला तरी जाळीला ओढ बसणार नाही. बारा खड्डे वाचले! उद्याच तीन पोलांवर करून बघतो.

वाचलेल्या पैशात उत्तरेला मेंदी लावायची. आधी गिरिपुष्पाचे खुंट डोक्यात होते, पावसाळ्यात लावले की पटकन फुटतात आणि पाला खताला, पण तो पाला शेळ्या आवडीने खातात आणि झाड मोठं झालं की मुळं माती आणखी कोरडी करतात, म्हणजे गेटजवळ परत भेगा. गावाकडे आमचं कुंपण मेंदीचंच होतं, तिला शेळीने तोंड लावलेलं मी तरी पाहिलं नाही, आणि छाटून तीन फुटांवर राखता येते.

आमच्याकडे खरा पाऊस सप्टेंबरात, त्यामुळे परीक्षा अजून बाकी आहे. हस्त संपला की सहाही पोलांची मापं टाकतो. तोवर कुणी सोळा इंचांपेक्षा मोठा फुगवटा हाताने काढला असेल तर हत्यार काय वापरलं ते सांगा, माझ्या खुरप्याचं पातं त्यापुढे वाकतं.